खिळ्याचं टोक

उभ्यादांड्याच्या वाटेवर माझं दुकान. पाटी नाही.
ज्यांना यायचं ते विचारत येतात,
सुतळीला गाठ मारून माप आणतात.

आज रुजायचं माप आलं. पाच फूट एक.
वेंगुर्ल्याच्या बाजारात ती मोरी कापायला बसायची
तेव्हा सात फुटांची वाटायची.

माप एक, सांगणारे तीन.
थोरला कायतान इगर्जीतला. म्हणाला,
झाकणावर क्रूस हवा, क्रुसावर स्वामी हवा.
जावई शांतवन ओहोळ, मिशनच्या कंपाउंडातला,
चष्मा पुसत म्हणाला, क्रूस हवा, पण रिकामा.
तो उठला ना? मग अजून टांगून का ठेवायचा?
धाकटा इनास बर्फाच्या कारखान्यामागच्या हॉलात जातो,
मागच्या वर्षी समुद्रात पुरता बुडून आलाय.
म्हणाला, काहीच नको. लाकूड ते लाकूड.

खणात माझ्याकडे पितळेचे अकरा स्वामी आहेत.
मी खण उघडला, आणि मिटला.

नातू रंध्याचा भुसा गोळा करत होता.
"आजा, देव एक, मग इतके कित्याक?"
"माका म्हायत नाय," म्हटलं.

थोडं माहीत आहे.
कुणी पाण्यावरून फुटले: कपाळावर तीन थेंब पुरेत
की माणूस अख्खा बुडवायचा.
कुणी पावावरून: तो तोच आहे, की त्याची आठवण.
कुणी म्हणाले पुस्तक पुरे,
कुणी म्हणाले, अरे, पुस्तक उलगडायलाही कुणीतरी लागतो.
कुणाचे पाद्री तलवारीच्या जहाजातून आले,
कुणाचे औषधांच्या पेट्या घेऊन;
जो ज्या हाताला लागला, त्याचा झाला.
कुणी बाकावरून फुटले.
पुढचा बाक अमक्याच्या आजोबांचा,
आणि मागच्या बाकावर कुठल्या आळीची माणसं
हे सगळ्यांना ठाऊक.
बाप्तिस्म्याचं पाणी तिथवर पोचलंच नव्हतं.
आणि हे तर मी डोळ्यांनी पाहिलंय:
दोन भाऊ हार्मोनियमच्या पेटीच्या चावीवरून फुटले.
आता दोन मंडळ्या आहेत, दोन वार्षिक सण,
आणि पेटी वाळवीने खाल्ली.

एवढं सगळं पोराला कसं सांगायचं?
मी खिळा दाखवला.
"फळीच्या कडेला ठोकायचा तर आधी
हातोडीने याचं टोक चेप.
टोकदार खिळा तंतूंच्या मधून घुसतो, फळी उभी चिरते.
बोथट असला तर तंतू दाबत जातो, फळी धरून राहते."
तो विचार करत राहिला.
"पण टोक नसेल तर तो आत शिरतलो कसो?"
मी पटकन चार खिळे तोंडात धरले.
तोंडात खिळे असले की सुताराला उत्तर द्यावं लागत नाही.

फळ्या आंब्याच्या घेतल्या. ती स्वतःच सांगून गेली होती,
दोन वर्षांमागे, सुंगटांचा वाटा माझ्या ओट्यावर ठेवून:
"झाकाण हलक्या कर हां.
कायतानाच्या पाठीत उसण भरता."

क्रुसाचा निकाल लागलाच नाही.
मी झाकणाला दोन भोकं पाडून ठेवली.
ज्याने त्याने समजून घेतलं, दुसरा कुणी लावील.
भोकं तशीच राहिली.
आणि एक खिळा चेपायचा मी विसरलो:
डोक्याकडे बोटभर चीर गेली.
भुसा नि सरस भरून ती बुजवली.

सिमिटरीत वारा फार होता.
स्वामीची प्रार्थना सगळ्यांनी मिळून सुरू केली.
कायतान जिथे आमेन म्हणून थांबला
तिथून शांतवन सवयीने एक ओळ पुढे गेला,
एकटा, दचकून, पण थांबला नाही.
इनासचे नुसते ओठ हलत होते, शब्द कुठल्याच भाषेचे नव्हते.
फादरांनी मान वर केली नाही.
मी त्या चिरेकडे बघत राहिलो.

मग दोरखंड आले.
इथे मात्र तिघांना एकमेकांकडे बघावंच लागलं,
वीत वीत, बरोबर,
एकाने जरी घाई केली असती
तर आई कलंडली असती.